न थिजणारे

लेक सातव्या महिन्यात माहेरी येणार, म्हणून मी आठवडाभर आधीच खरवस करून फ्रिजमध्ये ठेवला होता. शेजारच्या वाटीत तुपाचा दगड झालेला.

लेक जंतूंच्या लॅबमध्ये काम करते. तिने फ्रिज उघडला, पण खरवसाला हात लावला नाही.

"आई, थंडीत सगळे जंतू गारठून पडत नाहीत. काही जण आपल्या आवरणातली चरबीच बदलतात. मग ती या तुपासारखी थिजत नाही, आणि ते सावकाश वाढत राहतात. वासावरून कळतही नाही."

बोलता बोलता तिचा हात पोटावर गेला.

इतकी वर्षं हे दार लावलं की मी निर्धास्त व्हायचे. आतली थंडी आपली राखण करते, असंच वाटायचं. ती तर त्या जंतूंना थंडीत वाढायला तयार करत होती.

मी खरवस नाकाशी नेला. वेलदोड्याचा छान वास येत होता.