पंगतीचा शॉट

लग्नाचं शूटिंग करताना वसंताचं लक्ष नवरा-नवरीकडे बेताचंच असे. अक्षता पडल्या की तो कॅमेरा खांद्यावर घेऊन पंगतीत शिरायचा आणि जेवणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून सावकाश फिरायचा. एकेक तोंड, एकेक घास. मी हटकलं तर म्हणाला, "सर, लग्नाचा व्हिडिओ लोक नवरीसाठी नाही पाहात. आपुन कुठं दिसलो, थेच शोधतात." आमच्या गावात, वरवट बकालमध्ये, त्याच्याविषयी तक्रार कधी ऐकली नाही, त्याअर्थी त्याचं बरोबर असावं.

वसंता काळा होता. सावळा वगैरे नाही, काळा. नट व्हायच्या हौसेने तो काही वर्षं मुंबईत राहून आला होता. तिथे मालिकांमध्ये त्याला वॉचमन, दारुडा आणि पाकीटमार एवढीच कामं मिळाली. "तोंड पाहून म्हनत, काय खरा चेहरा हाय! अन् मंग हाती दंडुका देत," तो सांगे. एका मालिकेत त्याला वऱ्हाडी बोलायचं होतं. ते शिकवायला पुण्याहून एक गृहस्थ आणले होते, आणि वसंताचं वऱ्हाडी त्यांना पसंत पडलं नाही.

गावी परतून त्याने स्टुडिओ टाकला. तिथेही मागणी ठरलेली: "नवरीले जरा गोरी कर बे." तो करायचा; पोट होतं. त्याची भरपाई म्हणून की काय, त्याने पदरमोड करून तासाभराचा सिनेमा काढला, 'पांढरी मोलकरीण'. मालिकेत असतं तसं श्रीमंत घर, फक्त दागिन्यांनी मढलेले सगळे काळेभोर, आणि मोलकरीण गोरीपान. सगळे तिच्यासाठी हळहळतात, "इतकी पांढरी पोरगी कोन करन बाप्पा?" मालकिणीच्या कामाला त्याने बायकोलाच उभं केलं. वंदनावहिनी अंगणवाडी सेविका, रंगाने नवऱ्यासारख्याच. "मले नका घेऊ जी, लोक हासतीन," त्या म्हणाल्या. वसंताने माझ्यासमोर शब्द दिला, "तुले नाही हासनार. सोताले हासतीन."

पहिला खेळ गावच्या मंगल कार्यालयात झाला. आधी सत्कार. ज्यांनी सिनेमाला दमडी दिली नव्हती त्यांना शाली मिळाल्या. मलाही एक मिळाली. 'अस्सल मातीतली कलाकृती' असं मी भाषणात म्हणालो, न पाहताच. मग दिवे मालवले. पैठणी, नथ, बोरमाळ घालून वहिनी पडद्यावर जिना उतरू लागल्या आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच हॉल हसला. विनोद अजून झालाच नव्हता. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, लाईट लाव! काईच दिसून नाही राह्यलं!" मग तर लोक खुर्चीवरून पडायचेच राहिले. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराने निघून गेल्या. वसंता सवयीप्रमाणे पडद्यापाशी उभा राहून पब्लिकचं शूटिंग करत होता. त्याने कॅमेरा खाली घेतला नाही.

त्यानंतर तो कुणाशी धड बोलेना. माझ्याकडे आला तेव्हा एवढंच म्हणाला, "हासले त्याइचं काय सांगू, सर? तिले पडद्यावर मी उभं केलं. शब्द मी देल्ला होता." शरम त्याला वाटत होती. आम्ही ती त्याच्यावर सोपवून मोकळे झालो होतो.

पोळ्यानंतर त्याने गावाला पुन्हा त्याच हॉलमध्ये बोलावलं. राहिलेला शब्द पुरा करतो म्हणून वहिनींनाही घेऊन आला. या वेळी सत्कार नव्हते. पडद्यावर वहिनी जिना उतरू लागल्या, आणि त्यांच्या जागी अचानक आम्ही आलो. पंगतीतल्यासारखे, एकेक तोंड, सावकाश. सरपंच, डॉक्टर, माझ्या वर्गातल्या मुली. मिटलेले डोळे, उघडे जबडे. शाल पांघरून मीही हसत होतो. मागच्या दाढेपर्यंत दिसत होतं. आवाज त्याने काढून टाकला होता. हॉलमध्ये पंखे तेवढे ऐकू येत होते.

वहिनी पडद्याकडे पाहत नव्हत्या. खुर्ची वळवून त्या आमच्याकडे पाहत होत्या.

"लावा जी आता लाईट," त्या म्हणाल्या. वसंताने लावले.

गेल्या वर्षी तो अचानक गेला. तेरवीला शूटिंग करणारं कोणी नव्हतं. तरी पंगतीत सगळे तोंड मिटून, जपून चावत होते. वहिनी समोरून गेल्या तेव्हा एकानेही मान वर केली नाही. मीही नाही.