गोष्टीतला भोळा भाऊ काय खातो?

माझी नात चौथीत आहे. शाळेच्या कथाकथन स्पर्धेसाठी ती पुढच्या खोलीत तयारी करत होती आणि मी चहा पीत होतो. गोष्ट दोन भावांची. एक भोळा, एक लोभी. दोघांत मिळून एक विहीर. भोळा भाऊ पाखरांना आणि वाटसरूंना पाणी पाजतो, लोभी भाऊ विहिरीच्या काठावर बसून पाण्याचा भाव करतो. कोणी तहानलेला आला की हा उजवा खांदा उडवतो आणि म्हणतो, "शेवटचं बोला."

मी कप खाली ठेवला.

"शेवटचं बोला" हे माझं वाक्य आहे. मी केळीचा व्यापारी. चोपड्याकडचे निम्मे बागाईतदार मला त्या वाक्यावरून ओळखतात. भाव करताना माझा उजवा खांदा उडतो, हेही त्यांना ठाऊक आहे. शाळा सोडल्यावर मी बाजार समितीत गोण्या वाहिल्या. गोण्या सुटल्या, खांद्याची सवय सुटली नाही.

"ही गोष्ट कोणाची गं?"

"नानांची. दिवाळी अंकात आलीय. आबा, मध्ये बोलू नका ना, मी विसरते!"

नाना म्हणजे माझा थोरला भाऊ. धुळ्यात असतो. प्राथमिक शिक्षक होता. आता निवृत्त झालाय आणि मुलांसाठी गोष्टी लिहितो.

शेवटी विहीर लोभी भावाला शाप देते आणि त्याचा कावळा होतो. नातीने दोन्ही हात फडफडवून अशी काही काव काव केली की माझी सून स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली.

"जमलं का, आबा?"

"आवाज चांगला लागलाय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी माझं कामात लक्ष लागेना. दुपारी घरी आलो आणि नातीच्या कपाटातली सगळी गोष्टींची पुस्तकं काढून बसलो. मी नववीपर्यंत शिकलेला माणूस, पण माल पारखता येतो. एकेक पुस्तक पारखलं. व्यापारी जिथे जिथे आला तिथे त्याला पोट, तिरकी नजर आणि शेवटी फजिती. राजा मात्र काहीही करो. कोणी राक्षस मारला की त्याला अर्धं राज्य आणि मुलगी देऊन मोकळा. मुलीला विचारलं नाही, राज्य मोजलं नाही, समोरच्याची चौकशी केली नाही. असा सौदा मी केला असता तर गावाने वेड्यात काढलं असतं. गोष्टीत त्याला उदार म्हणतात. आणि जो विचारपूस करतो, दोनदा मोजतो, तो लोभी. ही पुस्तकं कोण लिहितं, असं मनात आलं आणि उत्तर लगेच मिळालं. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली. वाटेत पारोळ्याला नेहमी चहा घेतो, तोही घेतला नाही.

भाऊ ओट्यावर पेपर वाचत बसला होता. मला पाहून म्हणाला, "आरे, तू? बस पहिले. पानी पे."

"माले पानी नको. मी कावळा शे का, तेवढं सांग."

आम्ही भांडण अहिराणीत सुरू करतो. मग त्याच्यातला मास्तर जागा होतो आणि तो पुस्तकी मराठीवर जातो. कमी पडू नये म्हणून मीही त्याच्यामागे जातो. मी अंक त्याच्या पुढ्यात टाकला.

"गोष्ट आहे ती," तो म्हणाला. "तू कुठे आलास तिच्यात?"

"मग खांदा कोणाचा?"

"खांदे सगळ्यांनाच असतात."

आत वहिनी खुदकन हसल्याचं मला ऐकू आलं. मी आणखी चिडलो. भावाने चष्मा काढून पुसला. वर्गात शिकवायच्या आधी तो असंच करत असणार.

"हे बघ, लहान मुलांच्या गोष्टीत अर्धी चांगली, अर्धी वाईट माणसं चालत नाहीत. मूल ऐकता ऐकता कोणाच्या तरी बाजूला जाऊन उभं राहतं. त्याला उभं राहायला जागा साफ लागते. मोठं झालं की त्याला कळतंच, की दोन्ही भाऊ एकाच माणसात असतात. पण ते नंतर."

बोलणं खोटं नव्हतं. नंतर परतीच्या वाटेवर मी त्याचाच विचार करत होतो. पण समोरच्याचा माल चांगला असला तरी तोंडावर कबूल करायचं नसतं.

"बरं," मी म्हणालो. "मग मला सांग, हा तुझा भोळा भाऊ काय खातो?"

"म्हणजे?"

"पाखरांना पाणी पाजतो. झाडाखाली बासरी वाजवतो. शेतात जात नाही, बाजारात जात नाही. तुझ्या गोष्टीत बारा वर्षं निघून जातात. बारा वर्षं तो खातो काय?"

"गोष्टीत असं विचारत नाहीत."

"का नाही विचारत?"

जुनं काही बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो, पण ते आता दोघांच्या मध्ये येऊन बसलं होतं. वडील गेले तेव्हा तो इथे धुळ्यात मास्तरकीचं शिक्षण घेत होता. मी नववीत होतो. दोघांतल्या एकानेच शिकायचं, हे कोणी ठरवलं नाही. मी दप्तर खुंटीला लावलं, बस्स. रोज सकाळी पहिल्या एसटीने त्याचा डबा धुळ्याला जायचा, फडक्यात बांधून कंडक्टरच्या हाती. भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी उडदाची डाळ. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत यायचा. कधी धुतलेला, कधी तसाच.

"तो डबा आई भरायची," भाऊ हळूच म्हणाला. मी डब्याचं नावही काढलं नव्हतं.

"आणि घरात ज्वारी कोण आणायचं?"

वहिनी दारात येऊन उभी राहिली. "म्हातारे झालात दोघं, तरी तो डबा एकमेकांच्या हातातून ओढताय. भाऊजी, भरीत केलंय. जेवा, मग भांडा."

जेवलो. मग पुन्हा बसलो. आता मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली.

"लोभी काढ. हिशेबी लिही."

"हिशेबी माणसाचा कावळा कसा करू? पोरं रडतील."

"मग कबूतर कर."

"शाप देऊन कोणी कबूतर करतं का रे?"

"बरं, निदान तो खांदा काढ."

"अख्ख्या गोष्टीत तेवढी एकच ओळ जिवंत आहे," तो म्हणाला. "ती काढली तर उरतं काय?"

राग यावा की बरं वाटावं, मला कळेना. इतकं अवघड गिऱ्हाईक मी बाजारात पाहिलेलं नाही. शेवटी तो म्हणाला, "छापलेली गोष्ट आता माझ्या हातात नाही. सांगणाऱ्याच्या तोंडात आहे. नातीशी बोल."

नातीशी बोललो. सरळ सौदाच टाकला. "त्याला कावळा करू नकोस. सायकल घेऊन देतो."

"पण आबा, कावळाच तर मला सगळ्यात भारी जमतो!" मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला तो लोभी भाऊ आवडतो?"

"आवडत नाही. पण त्याची बाजू कोणी सांगत नाही."

"मग तुम्ही सांगा."

सांगितली. माझी म्हणून नाही, गोष्टीतल्या भावाची म्हणून. तो उजाडायच्या आत कसा उठतो, बाजारात गोणी कशी उचलतो, खांदा कसा सोलवटतो. भोळ्या भावाचा डबा एसटीत कसा चढवतो. ती ऐकत राहिली. मग एकच प्रश्न विचारला.

"आणि त्याचा डबा कोण भरायचं?"

मी म्हणालो, "त्याला डबा नसायचा." आणि उठून अंगणात गेलो.

स्पर्धेला मी शेवटच्या रांगेत बसलो. नातीने गोष्ट छापल्याप्रमाणेच सांगितली. खांदा उडवला, "शेवटचं बोला" म्हणाली, सभागृह हसलं. कावळा झाला. सगळे टाळ्या वाजवणार, तेवढ्यात ती थांबली आणि म्हणाली, "कावळा झाल्यावरही तो रोज सगळ्यांच्या आधी उठायचा. कारण कोणाला तरी उठावंच लागतं."

मग नमस्कार करून खाली उतरली.

तिला बक्षीस मिळालं नाही. परीक्षक बाईंनी माईकवरून सांगितलं, काही मुलं मूळ कथेत स्वतःची भर घालतात, त्याचे गुण कापले जातात. मी उठलोच. नातीने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं.

"आबा, बसा. मला आधीच माहीत होतं. मॅडमनी सांगितलं होतं."

मी बसलो. आयुष्यभर मी समोरच्याला तोट्यात घातलं असेल किंवा स्वतः तोट्यात गेलो असेन, पण माझ्यासाठी दुसऱ्याने जाणूनबुजून तोटा घेतलेला मी पाहिला नव्हता. आणि मला न विचारता! रिक्षात घरी येईपर्यंत मी तिला रागवावं की काय करावं, या विचारात होतो. ती बाहेर बघून काव काव करत होती.

सुनेने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ भावाला पाठवला. त्याचा फोन आला.

"ती शेवटची ओळ कोणाची?"

"तिची."

"माझं पुस्तक निघतंय. ती ओळ मी घेतो."

"आणि लोभी?"

"लोभी राहील."

"मग ओळ मिळणार नाही."

"ओळ तिची आहे, तुझी कुठंय?"

"तिचा आबा मी आहे."

मागे वहिनी काहीतरी म्हणत होती. मग तो म्हणाला, "विचार करून फोन करतो," आणि ठेवून दिला.

गिऱ्हाईक विचार करतो म्हणालं की परत येतं, हा माझा अनुभव. आपण घाई दाखवायची नाही. पण तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून आधी नाव बघतो. काल चोपड्याकडे एका बागेत उभा होतो. घड चांगले भरलेले. शेतकऱ्याने भाव सांगितला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी मोबाईल उलटसुलट करत होतो, इथे रेंज आहे का बघत होतो.

शेवटी तोच म्हणाला, "आबा, बोला ना. शेवटचं बोला."

"थांब जरा," मी म्हणालो. "एक फोन यायचाय."