उजवा कान

माझा उजवा कान कामातून गेलाय, याचा संशय सगळ्यात आधी माझ्या सासूबाईंना आला. मी त्यांना आत्या म्हणते. कुकरच्या शिट्ट्या होऊन वरण करपलं तेव्हा त्या मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "चार हाका मारल्या तुला. कान हायत का भोकं?" मी हेडफोन काढून दाखवला आणि म्हटलं, "कामात होते आत्या." ते खोटं होतं. हाका मारल्या तेव्हा हेडफोन माझ्या गळ्यात होता, फक्त उजवा कान दाराकडे होता.

काम म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तोंडी सांगून ठेवलेले पेशंटचे रिपोर्ट ऐकून टाईप करायचे. त्यांचा दिवस संपतो आणि आपल्या सकाळी त्या फायली बारामतीजवळ जळोचीतल्या आमच्या मागच्या खोलीत येतात. टेबलाखाली एक पेडल आहे. दाबलं की डॉक्टर बोलतो, पाय उचलला की गप्प बसतो. घरात माझं एवढं ऐकणारं दुसरं कुणी नाही.

इंदापूरला माहेरी असताना बीएस्सी केलं, बारामतीत येऊन या कामाचा क्लास लावला आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून धरलं. नऊ वर्षं झाली. शेजारणींच्या लेखी मात्र मी "घरीच असते". त्यामुळे सगळ्या आळीच्या गॅसच्या टाक्या उतरवून घ्यायच्या मी, कुरिअरवर सही करायची मी, आणि कुणाला दुपारी वेळ जात नसेल तर गप्पा मारायलाही मीच. काम गेलं असतं तर मी खरोखरच घरी असलेली बाई झाले असते. पगारापेक्षाही मला त्याची भीती जास्त होती.

कानात आधी नुसता सूं असा आवाज यायचा. मला वाटलं इन्व्हर्टर. मग लाईट आली, इन्व्हर्टर थांबला, आवाज चालूच. त्याला इंग्रजीत काय म्हणतात, पुढे काय होतं, बहुतेकांचं ऐकू येणं परत का येत नाही, हे सगळं मी कितीतरी पेशंटांसाठी टाईप केलेलं होतं. दुसऱ्यांच्या आजारात मी भलतीच हुशार. स्वतःच्या वेळी तोंडाला कुलूप लावलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो एमआयडीसीतून दमून येतो आणि टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो, त्यामुळे त्याला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्या कामात एक नियम आहे. ऐकू आलं नाही तर तिथं मोकळी जागा सोडायची आणि खूण करायची. मग पुण्यातलं कुणीतरी वरचं माणूस ते ऐकून भरतं. अंदाजाने काही लिहायचं नाही, हे क्लासमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. माझ्या मोकळ्या जागा वाढायला लागल्या. हेडफोन एकाच कानाचा, नऊ वर्षं उजव्यालाच लावलेला; डाव्याला लावला असता तर उजवा गेला हे मान्य करावं लागलं असतं. पुण्याहून मॅडमचा फोन आला. "हे बघ, आता मशीनच कच्चा रिपोर्ट लिहून देतं. माणसं कमी करायची यादी निघतेय. तुझ्या मोकळ्या जागा फार झाल्यात, सांभाळ."

माझ्याकडे एक म्हातारा डॉक्टर होता. काहीतरी चघळत बोलायचा, मध्येच खोकायचा, त्यामुळे तो मशीनला झेपत नव्हता. मी टिकून होते ती त्याच्या जिवावर. सहा वर्षं एकाच माणसाचं ऐकलं की तो पुढे काय बोलणार हे आधीच कळतं. "कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी नाही" हे त्याचं वाक्य इतक्या वेळा यायचं, की मी त्याला दोन अक्षरांचा शॉर्टकट करून ठेवला होता. दोन बटणं दाबली की पूर्ण वाक्य उमटायचं.

त्या सकाळी बासष्ट वर्षांच्या एका बाईची फाईल आली. न्यूमोनिया. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या होत्या. अ‍ॅलर्जीच्या जागी म्हातारा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. कानात नुसता सूं. तिथं मोकळी जागा सोडायला हवी होती. मी दोन बटणं दाबली, रिपोर्ट पाठवला आणि चहा टाकायला उठले.

तिसऱ्या दिवशी त्याच बाईचं नाव पुन्हा आलं. तिला पेनिसिलिनच्या जातीचं औषध दिलं होतं. घसा सुजला, श्वास अडकला, आता ती श्वासाच्या मशीनवर होती. म्हातारा नेहमीपेक्षा हळू बोलत होता. मध्ये थांबला आणि म्हणाला, आमच्या नोंदीत अ‍ॅलर्जी नाही असंच लिहिलेलं आहे. मी पेडल सोडलं नाही. तेही टाईप केलं.

मग जुनी फाईल उघडली, हेडफोन उलटा घातला आणि ते वाक्य डाव्या कानाने ऐकलं. पेनिसिलिन. स्वच्छ ऐकू आलं. लहानपणी एकदा तिचं सगळं अंग सुजलं होतं, हेसुद्धा त्यानं सांगितलं होतं.

आत्या भाजी निवडायला परात घेऊन आल्या तर मी टेबलावर डोकं टेकून रडत होते. त्यांना सगळं सांगितलं, कानाचंही. त्यांनी परात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आगं, मग सांग की त्यास्नी. हितं बसून रडून त्या बाईला काय उपेग?"

मी मॅडमला फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रिपोर्टवर डॉक्टरची सही आहे ना? न वाचता केली असेल, पण केली. आता जबाबदारी त्याची. तू तो ऑडिओ कुणाला पाठवू नकोस."

"मॅडम, ती बाई कशी आहे?"

"कोणती बाई?"

मी फोन ठेवला. मग थेट हॉस्पिटलला जाणारा दुरुस्तीचा फॉर्म उघडून त्यात माझा कामाचा नंबर टाकला आणि लिहिलं, की डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी नीट सांगितली होती, मी न ऐकता भलतंच लिहिलं, माझा उजवा कान काम करत नाही. एकदा वाचून बघितलं. पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजताच टेबलाशी बसले. काम बंद झालं असेल असं धरून चालले होते, पण फायली आल्या होत्या. मशीनने लिहिलेल्या, नुसत्या डोळ्यांनी तपासायच्या. महिनाअखेरपर्यंत एवढंच, मग काम बंद, असा मॅडमचा निरोपही होता. म्हाताऱ्याची एकही फाईल नव्हती. त्याचं सगळं काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं होतं. मी मॅडमला विचारलं, मला त्या बाईचा फक्त पुढचा रिपोर्ट बघू द्या. त्या म्हणाल्या, आपल्याकडे नसलेल्या पेशंटची चौकशी करता येत नाही, तुला नियम माहीत आहे.

गप्प बसले असते तर तिचा पुढचा रिपोर्ट माझ्याकडेच आला असता, घरी सोडल्याचा नाहीतर गेल्याचा. आता तो कुणीतरी दुसऱ्याने टाईप केला असेल. ती बाई वाचली का, मला माहीत नाही.