फुगडीवालीचं लढाऊ विमान

आमच्या बेळगावच्या खासबागेतल्या घरात एरंडेलाची बाटली दोनच कारणांनी निघायची. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, पोट अडलं की, नाहीतर अण्णाला विमान उडवायचं असलं की. इथर, रॉकेल आणि एरंडेल एकत्र करून अण्णा ते मिश्रण अंगठ्याएवढ्या इंजिनाला पाजायचा. इंजिन सुरू झालं की जो वास सुटायचा, त्याने आप्पांचं पोट बाटली न उघडताच हालायचं.

विमान हातभर लांबीचं, पण इंजिन खरं. डाव्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघायच्या आणि त्या हातातल्या मुठीला बांधलेल्या असायच्या. मनगट वर केलं की विमान वर, खाली केलं की खाली. तारा धरणारा मधे उभा राहणार आणि विमान त्याच्याभोवती गोल गोल फिरणार. तारा मिरजेहून यायच्या, सतारीच्या दुकानातून. दुकानदाराने एकदा अण्णाला विचारलं होतं, आपण कुणाकडे शिकता? अण्णाने खुशाल एका बुवांचं नाव ठोकून दिलं.

अण्णा माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर. त्याला व्हायचं होतं वैमानिक. सांबऱ्याचा विमानतळ घरापासून सायकलच्या अंतरावर, लहानपणापासून डोक्यावरून विमानं जाताना बघितलेली, आणि वायुदलाने ह्याला चष्म्यावरून परत पाठवला.  दुसऱ्या दिवशी तो बाजारातून पॉलिश पेपर घेऊन आला आणि लाकूड घासायला बसला. ते घासणं मी बी.एस्सी.ला गेले तरी चालूच होतं.

सत्तरची सालं संपत आली होती तेव्हा बेळगावात ह्या विमानांची शर्यत ठरली. अट अशी की प्रत्येकाचं विमान मागच्या महायुद्धातलं लढाऊ विमान असलं पाहिजे. वेगासाठी काय हवी ती काटछाट करा, पण लांबून बघणाऱ्याला ते कुठलं विमान आहे हे ओळखू आलं पाहिजे. बक्षीस ऐकून अण्णाने जेवणाचं ताट बाजूला सारलं. सांबऱ्याला एका फ्लाइंग क्लबचं दोन सीटचं विमान येणार होतं, त्यात जिंकणाऱ्याला एक चक्कर. पुढे चालवणारा बसणार, मागची सीट जिंकणाऱ्याची. जिंकणारा म्हणजे तारा धरणारा, विमान बनवणारा नव्हे. अण्णा दोन्ही स्वतःच करणार होता, त्यामुळे तेव्हा हा भेद कुणाच्या लक्षात आला नाही.

त्याच्याकडे एक स्पिटफायर, इंग्रजांचं त्या युद्धातलं विमान, तयार होतं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर वडगावच्या विणकराकडून आणलेलं विरळ रेशीम, त्यावर नाक झिणझिणवणाऱ्या रोगणाचे हात. पंख लंबगोल, आणि काचेच्या घुमटीखाली सुपारीएवढा वैमानिक, त्याला गॉगलसुद्धा. आता त्याची तासातासी सुरू झाली. आधी पंखांची टोकं उडवली. लढाईतसुद्धा काही स्पिटफायरांची टोकं कापली होती, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. आईलाही सांगायचा, आणि आई भाकरी थापता थापता व्हय म्हणायची. मग बंदुका काढल्या, शर्यतीत कुणाला मारायचं नाही म्हणून. पंखाखालचा रेडिएटर गेला. घुमटी तासून बसकी केली, तर वैमानिकाचं डोकं आड येऊ लागलं, म्हणून वैमानिक हद्दपार. दोन चाकांचं एक चाक झालं. शेवटी वजन वाचवायला रंगही खरवडला. मी म्हटलं, आता इंजिनपण काढ, सगळ्यात जड तेच आहे.

त्याचा एक वकील मित्र होता. कोर्टात त्याला पक्षकार कमी, त्यामुळे आमच्यासाठी वेळ भरपूर. वडगावच्या पुढच्या माळावर तो मनगटी घड्याळ धरून उभा राहायचा आणि फेरी किती सेकंदांची झाली ते ओरडायचा. स्पिटफायर खरोखरच भन्नाट पळू लागलं. इतकं की त्याच्यावर नजर ठेवून त्याच्याबरोबर गरगर फिरायचं म्हणजे देवाचं नाव घ्यायचं काम. पहिल्या दिवशी अण्णा काही फेऱ्यांनंतर खाली बसला, आणि विमान नाकावर आपटलं. उठून तो म्हणाला, जमीन उताराची आहे. नाचता येईना अंगण वाकडं! दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब उभे राहिले. त्यांनी सकाळी खाल्लेल्या पुऱ्या आम्हाला पुन्हा बघायला मिळाल्या.

घोडं तिथेच अडलं. तारा लांब कराव्यात तर लांबी नियमाने बांधलेली. इंजिन मंद करावं तर इतके दिवस तासलं कशाला? अण्णा रोज माळावर जायचा, रोज पडायचा, आणि घरी येऊन विमानाच्या नाकाला नवा पंखा बसवायचा. चष्मा काढून बघितलं, लिंबू चोखून बघितलं, आल्याचा तुकडा दाढेत धरून बघितलं. विमान तेवढं तयार होतं, ते उडवणारा माणूस नव्हता.

अशात नागपंचमी आली. आमच्या गल्लीत पंचमीला बायका फुगडी घालायच्या, आणि माझ्याशी हात धरायला भल्याभल्या का-कू करायच्या, कारण मी सोडायची नाही. त्या दिवशी एकामागून एक पाचसहा जणींना मी पायरीवर बसवलं. वकीलसाहेब कट्ट्यावर तंबिटाचा लाडू खात बघत होते. शेवटची बसल्यावर मी तशीच सरळ नळावर गेले, घागर भरली, कडेवर घेतली आणि थेंब न सांडता घरात आले. वकिलांचा लाडू हातातच राहिला. त्यांनी अण्णाकडे बघितलं. अण्णाने मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

मला राग येतो तो अशाच वेळी. समोर दिसतंय आणि माणूस बघत नाही. मी घागर ठेवून बाहेर आले आणि म्हटलं, "विमानच तासत बसलाय तुमी दोघं. फिरतंय ते डोस्कं. त्याला काय पॉलिश पेपर मारणार?"

अण्णा उठून माझ्यापाशी आला. मग म्हणाला, "तू फिरशील काय गं?"

"फिरते की. पण जिंकलो तर वर मी जाणार."

त्याचा चेहरा असा उतरला की मला क्षणभर वाईट वाटलं. पण क्षणभरच. सांबऱ्याची विमानं माझ्याही डोक्यावरूनच गेली होती. मला कुणी चष्म्यावरूनसुद्धा परत पाठवलं नव्हतं, कारण मला कुणी बोलावलंच नव्हतं. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अभ्यासाला बसले होते, तेव्हा त्याने वहीवर ती तारांची मूठ आणून ठेवली आणि म्हणाला, मनगट सैल धरायचं, दाबायचं नाही.

मी शिकले. सुरुवातीला दोनदा आपटलं, पण ते मनगटाच्या चुकीने, डोक्याच्या नाही. नजर विमानावरून हलवायची नाही, बाकी जग फिरू द्यायचं, हे मला फुगडीने कधीच शिकवलं होतं. समोरचीच्या कपाळावरचं कुंकू बघायचं, की भोवळ येत नाही. इथे कुंकवाच्या जागी स्पिटफायर. आईने एकदा माळावर येऊन बघितलं आणि एकच सूचना केली, पाचवारी पायात येईल, काष्टा घाल. शर्यतीच्या सकाळी तिने स्वतःची नऊवारी मला नेसवली आणि पदर कमरेला इतका घट्ट खोचला की श्वास घ्यायची पंचाईत.

पंच म्हणजे कॅम्पात स्थायिक झालेले वायुदलातले एक निवृत्त अधिकारी. काष्ट्यातला वैमानिक बघून त्यांनी नियमांचे कागद दोनदा उलटेपालटे केले. बाईने उडवू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कुणाला वाटली नसावी. वकीलसाहेबांनी तिथे आयुष्यातला पहिला मोठा युक्तिवाद केला आणि जिंकला.

शेवटच्या शर्यतीत माझ्यासमोर निपाणीचा गडी होता, तंबाखूच्या वखारीतला, दणकट, त्याचं विमान अमेरिकनांचं मस्टँग. दोघांनी एकाच गोलात पाठीला पाठ लावल्यासारखं उभं राहायचं, आणि मधे एकदा विमान उतरवून तेल भरायचं. तो हसून म्हणाला, आक्का, पदर सांभाळा. मी म्हटलं, तुमी तोल सांभाळा.

त्याचं मस्टँग सुरुवातीला पुढे होतं. आमचं इंजिन तेल संपून थांबलं तेव्हा मी विमान अलगद उतरवलं, ते घरंगळत अण्णाच्या हातात गेलं. तेल भरायला लागतो तेवढाच वेळ त्याच्याकडे होता. त्याने तेल भरलं, आणि मग विमान हातात धरून तो त्याच्याकडे बघत राहिला.  ती सीट मला मिळू नये असं त्याला वाटलं असतं, तर इंजिन सुरू करताना पंख्याला बोट जरा तिरकं लावलं असतं तरी पुरे होतं, आणि कुणाला कळलंही नसतं. त्याने एकाच झटक्यात इंजिन सुरू केलं आणि विमान सोडलं.

पुढच्या फेऱ्यांत निपाणीकराचे पाय एकमेकांत यायला लागले. एकदा तो माझ्या खांद्यावर आला, मी कोपराने त्याला सरळ केला. मग तो गुडघ्यावर बसला, आणि मस्टँग गवतात शिरलं. मी ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या, आणि त्यानंतर दोनचार माझ्या हौसेच्या.

बक्षिसाच्या वेळी पंच गोड हसून हिंदीत म्हणाले, तर मग भाईसाहेब जाणार ना वर? अख्खं मैदान माझ्याकडे बघत होतं. चांगली बहीण म्हणवून घ्यायला मला एक शब्द पुरला असता. मी तो बोलले नाही. मला वैमानिक म्हणवून घ्यायचं होतं, आणि आजही त्याचा मला पस्तावा नाही.

अण्णा चष्मा पुसत म्हणाला, "ठरलंय आमचं. ती जाणार."

पुढच्या रविवारी मी मागच्या सीटवर बसले. वरून बेळगाव इतकं लहान, की ह्याच गावात मी बसची एवढी वाट बघत असते ह्याचं हसू आलं. किल्ल्याचा खंदक दिसला, वडगावची कौलं दिसली. मग विमान वळून सांबऱ्यावर आलं आणि मैदानाभोवती घिरट्या घालू लागलं. खाली कुंपणाशी जमलेली माणसं हात हलवत होती. त्यांच्यापासून दूर, मोकळ्या गवतात, एक पांढरा शर्ट एकटा उभा होता. तो हात हलवत नव्हता. तारांची मूठ धरल्यासारखा एक हात पुढे धरून, तोंड आमच्याकडे करून, तो आमच्याबरोबर जागच्या जागी फिरत होता. आम्ही वळलो की तो वळायचा.

माझे डोळे भरून आले. वाऱ्याने नाही, कारण वर काच होती.

उतरून धावत गेले तेव्हा अण्णा गवतात डोकं धरून बसला होता, चष्मा मांडीवर. मला इतकं हसू फुटलं की बोलवेना. तो डोळे मिटूनच म्हणाला, "किती वेळ फिरवलं गं त्यानं."

"मग बसायचं की खाली."

"बसून कसं चालंल? तू वर होतीस न्हवं."

त्याचं डोकं थांबेपर्यंत मी शेजारी बसून राहिले. मग त्याला सायकलच्या कॅरियरवर घेतला आणि सांबऱ्यापासून खासबागेपर्यंत मी चालवत आणला.