तळलेला मृदंग

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी सासरी मृदंग तळला. चांगला खरपूस तळला आणि सोबत मिरचीचा ठेचाही वाढला.

आमचं घर अकोल्याला, जठारपेठेत. माझे सासरे, म्हणजे मामंजी, वकील. दिवसभर कोर्टात पक्षकारांचं रडगाणं ऐकायचे आणि दर गुरुवारी संध्याकाळी ओसरीवर खरं गाणं. एक एकतारीवाला, दोन टाळकरी, ऐकायला गल्लीतली पंधरा-वीस माणसं आणि मृदंगावर नथ्थूबुवा. बुवांचा गावाबाहेर भाजीचा मळा होता. माणूस लाखात एक, पण मृदंगाच्या बाबतीत भलताच मानी. एकदा कुणीतरी त्यांच्या मृदंगावर चहाची बशी टेकवली, तर बुवा मृदंग काखोटीला मारून जे निघून गेले, ते चार महिने आमच्या गल्लीत फिरकले नाहीत.

मी शेंदूरजनाघाटची. संत्र्याच्या बागेत मोठ्यानं गात हिंडायची मला सवय. (पाखरं उडायची. बाबा म्हणायचे, पोरीमुळं राखणदार ठेवावा लागत नाही.) सासरी मात्र तोंड मिटून होते. एक दिवस चुलीशी विसरून एक पद म्हणत बसले आणि मामंजी दारात उभे.

"सूनबाई, येत्या गुरुवारी हे ओसरीवर म्हण."

"सून चार मानसांत गाईन?" सासूबाई आतून म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन?"

"नथ्थूबुवा साथीले बसले की कोणी काही म्हणत नाही."

सासूबाईंनी जरा विचार केला. "एक डाव गाऊ द्या. पन काही गडबड झाली, तं पुन्हा गान्याचं नाव काढाचं नाही. सांगून ठेवते."

त्या गुरुवारची मी दिवाळीसारखी वाट पाहिली. हो, पाहिली. त्या घरात मला दुसरं काहीच नको होतं.

गुरुवारी दुपारी सासूबाई देवळात गेल्या आणि मी मागच्या विहिरीवर. परत येऊन बघते तर स्वयंपाकघरात माठाशेजारी ओल्या फडक्यात कणकेचा गोळा. मोठ्या पेरूएवढा. लढाईचे दिवस होते, गहू औषधालाही मिळत नव्हता आणि आम्ही दोन्ही वेळा ज्वारीच्या भाकरी खात होतो. मला वाटलं, सासूबाईंनी कुठून तरी कणीक पैदा करून मंडळींच्या फराळासाठी भिजवून ठेवली. मला भरूनच आलं. जरा तोडून चाखली, तर मीठ नाही! सासूबाई मीठ विसरल्या, या विचारानं मला जो आनंद झाला, तो मी कधी कुणाला सांगितला नाही. मी मीठ घातलं, तेलाचं मोहन घातलं, गोळा पुन्हा मळला आणि पेढ्याएवढ्या लहान लहान पुऱ्या तळून काढल्या. टम्म फुगल्या सगळ्या.

आमचे हे ताट घेऊन ओसरीवर गेले. पुऱ्या फस्त झाल्या. बुवांचा आवाज आतपर्यंत आला.

"वकीलसाहेब, सूनबाईच्या हाताले चव हाय बरं. म्या सात खाल्ल्या."

मी दाराआड उभी. अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात बुवा म्हणाले, "चाला, आता माही कनीक आना."

"कोणती कणीक?" मामंजींनी विचारलं.

"मृदंगाची. दुपारीच घरून मळून आनली होती. माठापाशी गारव्याले ठेवली. तुमच्या पोराले सांगून ठेवलं होतं मी."

हे आत आले. माझ्याकडे बघितलं, कढईकडे बघितलं आणि आल्या पावली निघून गेले. (मला सांगायचं विसरले होते. आजही म्हणतात, मी सांगितलं होतं.)

मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापतात. तिच्यामुळंच तो घुमतो, नाही तर नुसता टपटप करतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मृदंगाचं जेवण वेगळं मळून आणतात, एवढंच माहीत नव्हतं.

खरं सांगायचं धैर्य कुठून आणू? बुवा उठून गेले असते आणि माझं गाणंही त्यांच्यामागं गेलं असतं. मी डब्यातलं ज्वारीचं पीठ काढलं, गरम पाण्यात मळलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि दारातून बाहेर सरकवलं. रंगानं जरा काळपट दिसत होतं. म्हटलं, संध्याकाळ झाली आहे, कोण बघतंय?

बुवांनी गोळा थापला. एकतारी लागली. मी पदर सावरून ओसरीच्या कोपऱ्यात येऊन बसले. बुवांनी पहिली थाप दिली आणि ज्वारीनं मृदंग सोडला. एक तुकडा मामंजींच्या चष्म्यावर बसला, दुसरा एका टाळकऱ्याच्या मिशीत.

"हे तं जवारीचं हाय," बुवा शांतपणे म्हणाले. "माही कनीक कुठी हाय?"

सासूबाई नेमक्या तेव्हाच देवळातून येऊन पायरीवर उभ्या. सगळे माझ्याकडे बघून राहिले. म्हटलं, गेलं गाणं. निदान खोटं तरी नको.

"बुवा," मी म्हटलं, "तुमची कणीक तुमीच खाल्ली."

बुवांनी रिकाम्या ताटाकडे बघितलं, मग आपल्या पोटाकडे. त्यांचा हात मृदंगाच्या दोरीकडे गेला आणि माझा जीव टांगणीला लागला. पण तो हात वळून पोटावर आला. बुवांनी पोटावरच एक थाप दिली आणि कान लावून ऐकल्यासारखं केलं.

"घुमून नाही राहिलं," ते म्हणाले. "मोहन जास्त झालं, सूनबाई."

मग जी ओसरी हसली, ती हसतच सुटली. मामंजी चष्मा पुसता पुसता हसत होते. मला मात्र रडू येत होतं. बुवा रागावले नव्हते, पण मृदंग मुकाच होता आणि पायरीवर सासूबाई उभ्या होत्या.

त्या माझ्याजवळून आत गेल्या. देवघरातलं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कणकेचे चार दिवे होते. सांजेच्या आरतीसाठी वळलेले, अजून तूप न घातलेले. देवासाठी म्हणून मूठभर गहू त्यांनी राखून ठेवला होता.

"घ्या बुवा, मोडा हे," त्या म्हणाल्या. "देवाले आज समईवर भागवते." मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू काहून बसली तोंड पाडून? मन लावून म्हन."

बुवांनी दिवे मोडले, पाण्याच्या हातानं मळले, थापले. घुम्म. तो आवाज ऐकून मला इतकं हायसं वाटलं की पदाचा पहिला शब्द मी दोनदा म्हटला. त्यानंतर दर गुरुवारी मी ओसरीवर गाऊ लागले. बुवाही कणीक आणत राहिले, फक्त स्वयंपाकघरात ठेवायचे नाहीत. थापायची वेळ होईपर्यंत मांडीवर घेऊन बसायचे.

त्या दिवशी मी कशी गायले, हे आजवर कुणी मला सांगितलेलं नाही. पुऱ्यांची मात्र जठारपेठेत अजून आठवण काढतात.