आमच्या कर्ण्यातून निघालेलं बिरुद

तो सिनेमाच्या बक्षिसांचा कार्यक्रम तुम्ही टीव्हीवर बघता. हीरो बघता, हिरॉइनींच्या साड्या बघता, कोण कुणाच्या शेजारी बसलं तेही बघता. मधेच एक आवाज येतो, "आता रंगमंचावर येत आहेत..." आणि तुमच्या अंगावर काटा उभा राहतो. तो आवाज कुणाचा, हे कधी विचारलंत? नाही ना? मग आता ऐका. ती माझी बहीण. गुंडिमेडा सीतारत्नम, गाव तेनाली. मी तिचा थोरला भाऊ कोटय्या. माझ्या नावाचं इथे तसं काही काम नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

आमच्या बापाचं बाजाराच्या तोंडाशी माइक सेटचं दुकान होतं. आता ते माझं आहे. लग्न असो, जत्रा असो, निवडणूक असो, तेनालीत जे काही मोठ्याने बोललं गेलंय ते आमच्या कर्ण्यातून बोललं गेलंय. मी आठवीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसायला बाकावर जागा नव्हती, म्हणून खांबावर चढून कर्णे बांधायला लागलो. रत्नम खाली माइकपाशी. जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं ती पुकारायची. पोरं सापडायची, आणि न हरवलेली पोरंसुद्धा आईचा हात सोडून माइककडे चालत यायची. असा गळा. बोलताना श्वास कुठे घ्यायचा हे तिला मी शिकवलं. ती म्हणते बापाने शिकवलं. बाप आता नाही, त्यामुळे माझंच खरं धरून चाला.

आता बिरुदाची गोष्ट. आमच्या तेलुगू सिनेमात हीरोचं नुसतं नाव घेणं म्हणजे त्याला उघडाबोडका रस्त्यावर आणणं. नावाआधी बिरुद पाहिजे. कुणी रणधुरंधर, कुणी युवकिरीट. बिरुदं कोणत्या क्रमाने पुकारायची तेही ठरलेलं. रत्नमच्या आधी जो माणूस त्या खुर्चीवर होता, त्याने युवकिरीटच्या आधी रणधुरंधरला बोलावलं. हॉलमध्ये खुर्च्या मोडल्या, बाहेर पोस्टरं जळाली, आणि त्याची खुर्ची माझ्या बहिणीला मिळाली. तिच्या हातून असली चूक कधी झाली नाही. एक बिरुद एकाच माणसाचं, हेही पक्कं. जिवंत माणसाचं बिरुद दुसऱ्याला लावायचं म्हणजे तो समोर बसलेला असताना त्याच्या तेराव्याचं जेवण वाढायचं.

आमच्या गावात एक माणूस आहे, चिंतलपाटी वीरभद्रय्या. मी त्यांना बाबाय म्हणतो, म्हणजे काका. पौराणिक नाटकांत दुर्योधन करायचे. नंतर सिनेमात पुजारी, गावचा पाटील, असलं काहीबाही केलं, पण माणूस नाटकाचा. मी लहान असताना आमच्याच बाजारात त्यांचं नाटक होतं. माइक अर्थातच आमचा. भद्रय्या गदा खांद्यावर टाकून पुढे आले, पद्याला तोंड फोडलं, आणि आमचा माइक मेला. बाप घामाघूम. मागून लोक ओरडायला लागले. भद्रय्यांनी हाताने बापाला खूण केली, बस खाली. आणि ते अख्खं पद्य त्यांनी तसंच म्हटलं. मागच्या रांगेत गाडीवर बसलेले तंबाखूचे शेतकरी उठून उभे राहिले. माइक चालू झाल्यावर नाटक मंडळाचे अध्यक्ष वर आले आणि आमच्या कर्ण्यातून म्हणाले, "हा गळा नाही, काशाची घंटा आहे. आजपासून यांना कंचुघंट म्हणायचं." कंचु म्हणजे कासं. आमचा माइक मेला नसता तर हे बिरुद जन्मालाच आलं नसतं, हे लक्षात घ्या. चांगले माइक सगळ्यांकडे असतात.

आता या वर्षीचं सांगतो. हैदराबादला कार्यक्रमाला मी दरवर्षी रत्नमबरोबर जातो. सुंठीच्या पाण्याचा थर्मास माझ्याकडे, लवंगांची डबी माझ्याकडे. रंगमंचाच्या मागे काळ्या पडद्यांची कपाटाएवढी खोली असते. त्यात एक खुर्ची, एक माइक आणि कानाला लावायचा तो हेडफोन, ज्यातून डायरेक्टर हुकूम सोडत असतो. रत्नम चपला काढून बसते, लवंग जिभेखाली ठेवते. मी एका पेटीवर. कुणी विचारलं, हा कोण, तर मी सांगतो, मालक. काय बिघडतं?

रत्नमने पुकारायच्या नावांचा कागद वाचला आणि थांबली.

"अन्नय्या, हे बघ." अन्नय्या म्हणजे मी, थोरला भाऊ.

नाव होतं वेदांश. नवा हीरो. बाप प्रोड्यूसर, कार्यक्रमाला पैसा त्याच बापाचा. आणि नावाआधी छापलं होतं, कंचुघंट.

माझं डोकं सणकलं. या पोराच्या सगळ्या सिनेमांत त्याच्या तोंडून येणारा आवाज चेन्नईच्या एका डबिंगवाल्याचा! स्वतःचा आवाज भाड्याने घेणारा माणूस, आणि म्हणे काशाची घंटा!

रत्नमने डायरेक्टरला बोलावलं. मोहनकृष्ण त्याचं नाव, गळ्यात ओळखपत्रांचे चार पट्टे, हातात दोन फोन.

"सर, इथे चूक झालीय. कंचुघंट भद्रय्यागारूंचं बिरुद आहे." गारू म्हणजे तुमचं 'राव'.

"कोण भद्रय्या?"

"तेनालीचे. दुर्योधन करायचे."

"अच्छा, ते म्हातारं? अजून आहे?"

"आहे की," मी म्हणालो. "काल माझ्यासमोर ताटलीभर मिरची भजी खाल्ली आणि वर म्हणाले, तिखट कमी आहे."

मोहनकृष्णने माझ्याकडे, पेटीवर कुणी सामान विसरून गेल्यासारखं बघितलं. मग रत्नमला म्हणाला, "अम्मा, एक शब्द आहे. त्यावर कुणाची पाटी लावलीय का? प्रोड्यूसरसाहेबांना आवडलाय, म्हणून टाक."

"तुमचं आडनाव पण एक शब्दच आहे सर. कुणाला आवडलं तर देऊन टाकाल?"

त्याने एका फोनमध्ये डोकं घातलं. रत्नम म्हणाली, "आपण असं करू. त्यांनाच विचारू. ते हो म्हणाले तर मी म्हणते. अन्नय्या, फोन लाव."

मी लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"कोण, कोटय्या?" पलीकडून घंटा वाजली. "माझ्या अंगणातनं तुझी वायर गेलीय ती कधी काढतोस रे, मुडद्या? कपडे कुठे वाळत घालू?"

"काढतो बाबाय. जरा ऐका." मी सगळं सांगितलं.

पलीकडे पंखा बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "पाहिजे तर न्यावं की. मी काय वर घेऊन जाणार आहे? पण मला ज्या भावात मिळालं त्याच भावात. म्हणावं, माइक बंद कर आणि एक पद्य म्हण. मागच्या रांगेला ऐकू गेलं की बिरुद तुझं. आणि वायर काढ."

फोन बंद. पडद्याच्या फटीतून बघितलं तर तो वेदांशच मागे उभा होता, चकचकीत कोट घालून. सगळं ऐकलं होतं त्याने. पोरगा वाईट नाही, खोटं कशाला बोलू. कानापर्यंत लाल झाला होता.

"अक्का," तो म्हणाला, "मी मागितलं नव्हतं. डॅडींनी..."

"मग नको म्हण बाळा."

त्याने बुटांकडे बघितलं. "डॅडी पहिल्या रांगेत बसलेत."

"पद्य येतं का एखादं?" मी विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि निघून गेला.

मोहनकृष्णचा सूर बदलला. "हे बघ रत्नम. बातम्या वाचणारी एक मुलगी बाहेर तयार उभी आहे. बिरुदासकट म्हणणार असशील तर बस, नाहीतर आत्ता ऊठ."

"मी बसलेय," रत्नम म्हणाली. एवढंच. त्याला वाटलं मानली. जाताना पडद्याबाहेर कुणाला तरी म्हणाला, मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने, "म्हणेल. पोटाला भूक सगळ्यांनाच लागते."

आता हे खोटं नव्हतं. रत्नमचा नवरा गेल्यावर तिने याच खुर्चीवर घर उभं केलं. इथला आवाज ऐकून साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती येतात, सोन्याच्या पेढ्यांची उद्घाटनं येतात. पोरगी नर्सिंगला आहे. खुर्ची गेली की मागून सगळंच जाणार.

मी म्हणालो, "रत्नम, तू म्हणालीस तरी मी समजून घेईन. फक्त तेनालीत माझ्याकडे जेवायला येऊ नकोस."

"तू तोंड मिट आणि पाणी ओत."

एकेक नाव होत गेलं. युवकिरीट झाला, रणधुरंधर झाला. बाहेर शिट्ट्या, आत लवंगेचा वास. मग वेदांशची पाळी आली. दिवे मंद झाले, ढोल वाजला. रत्नमने कानावरचा हेडफोन काढला आणि माझ्या डोक्यावर चढवला. स्वतः उभी राहिली. अनवाणी, दोन्ही हात बाजूला, बापाच्या मांडवात उभी राहायची तशी.

"कृष्णाकाठच्या मातीतला पोर," ती म्हणाली, आणि हॉल एकदम शांत झाला. "आई वसुंधरादेवींच्या हाताखाली वाढलेला, कुणाचंही काही न घेता स्वतःच्या दोन पायांवर उभा राहायला निघालेला... वेदांश!"

हॉल फुटला. बिरुद नाही हे पोरांना कळलंच नाही, किंवा कळलं असेल आणि ओरडायच्या भरात विसरली असतील. इकडे माझ्या कानात मोहनकृष्ण. "टायटल! टायटल बोल! बोल!" आणि मग शिव्या. अशा शिव्या मी आयुष्यात खाल्ल्या नव्हत्या, आणि त्यातल्या अर्ध्या इंग्रजीत असल्याने फुकट गेल्या. मी हेडफोनच्या छोट्या माइकमध्ये ओरडलो, "कोटय्या बोलतोय! तेनाली!" तो एकदम थांबला.

कार्यक्रम संपल्यावर तो धावत आला. "तुझी खुर्ची गेली," म्हणाला. "आणि ऐकून ठेव, टीव्हीवर ते बिरुद येणारच. आवाज काय, दुसऱ्या कुणाचाही लावू."

रत्नम चपला घालत होती. मान वर न करता म्हणाली, "लावा. त्या पोराला सवय आहे."

मी हसलो ते बस स्टँडपर्यंत हसत होतो. ती हसली नाही. खिडकीपाशी बसली, आणि डबीतल्या उरलेल्या लवंगा एकेक करून चावून टाकल्या.

रविवारी संध्याकाळी कार्यक्रम टीव्हीवर होता. मी दुकानासमोर मोठा टीव्ही मांडला, त्याचा आवाज कर्ण्यांना जोडला, आणि अख्ख्या बाजाराला बोलावलं. भद्रय्यांना त्यांच्या घरून वेताच्या खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांच्या अंगणातली वायर तेवढी काढली होती, नाहीतर आले नसते.

"माझं बिरुद कोण नेतंय ते बघायला बोलावलंस होय रे?" ते म्हणाले.

"बघाच तुम्ही."

बाजार गच्च भरला. भजीवाल्याने कढई तिथेच आणली. एकामागून एक नावं आली, रत्नमच्या आवाजात, आणि प्रत्येक नावाला लोक टीव्हीकडे न बघता मागे वळून रत्नमकडे बघत होते. मग ढोल वाजला. मला तो ढोल पाठ होता. माझा हात बटणावर. टीव्हीत एक परका, गुळगुळीत आवाज सुरू झाला, "आणि आता कंचु..." एवढ्यावर मी आवाज तोडला. टीव्हीवर वेदांश हात हलवत पायऱ्या चढत होता, मुकाट. त्याचं तोंड हलत होतं, आवाज नाही. बाजारात खसखस पिकली.

रत्नमने बापाचा जुना माइक उचलला. लवंग नाही, पाणी नाही, पोटात उद्याची काळजी, आणि तरी तिने असा सूर लावला की खांबावरची कबुतरं उडाली.

"तेनालीच्या मातीत जन्मलेले, माइक मेला तरी न मरणारे, कंचुघंट, चिंतलपाटी वीरभद्रय्यागारू!"

हैदराबादच्या हॉलमध्ये असला आवाज मी ऐकला नाही, आणि मी दरवर्षी जातो. भजीवाल्याने झारा कढईवर वाजवला. म्हातारा खुर्चीचे हात धरून उठला. रत्नमने माइक त्यांच्यापुढे धरला तर तिचा हात बाजूला सारला.

"कोटय्या, बंद कर तो माइक."

"बाबाय, तुमचं वय..."

"बंद कर म्हणतो ना!"

आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून मी माइक बंद केलेला नाही. पुढाऱ्यांच्या नाही, पोलिसांच्या नाही. त्या दिवशी केला. भद्रय्यांनी काठी गदेसारखी खांद्यावर टाकली आणि पद्याला तोंड फोडलं. दुर्योधनाचं, तेच. मधे एकदा श्वास कमी पडला. रत्नम शेजारी उभी राहून ओठातल्या ओठात शब्द धरत होती, पण आवाज तिने काढला नाही. तो त्यांचा होता. त्यांनी शेवटचा सूर ओढला आणि खुर्चीत बसले.

नंतर हैदराबादहून फोन आला नाही. साड्यावाल्यांचे फोनही बंद झाले. वेदांशच्या नावाआधी आता पोस्टरवर ते बिरुद छापतात, छापोत. रत्नम माझ्याबरोबर मांडवात असते, लग्नं पुकारते, जत्रा पुकारते, आणि पुन्हा पोरं आईचा हात सोडून माइककडे यायला लागलीत. पोरीचं नर्सिंग थांबलेलं नाही. कसं ते आमचं आम्हाला माहीत.

काही लोक म्हणतात, त्या दिवशी म्हाताऱ्याचा आवाज जेमतेम मिठाईच्या दुकानापर्यंत गेला, त्यापलीकडच्यांना काही ऐकू आलं नाही. मी सांगतो, मागच्या रांगेपर्यंत गेला. मी माइकवाला आहे, आवाज कुठवर जातो ते मला कुणी शिकवू नये. ज्याला पटत नसेल त्याने तेनालीला यावं. दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे, आणि मी दिवसभर तिथेच असतो.