कोरड्यावरचं पोहणं

गावात पोहायला शिकवणाऱ्या एकच बाई होत्या. सगळे त्यांना तळ्याच्या बाई म्हणायचे. लढाईत तळं नासलं, शिकवणं बंद पडलं, पण नाव काही सुटलं नाही.

तळ्याकाठच्या तेलाच्या टाक्यांवर बॉम्ब पडले आणि जळून उरलेलं तेल पाण्यात उतरलं. खंदकांना लाकूड हवं म्हणून सैन्याने मागची टेकडी बोडकी केली, मग पावसात तिची माती घसरून तळ्यात आली. मासे मेले. बगळे गेले ते गेलेच. लढाई थांबली तरी काठावर पाटी होती, पाण्यात हातसुद्धा घालू नये.

बाईंचा नवरा तेल उपसायच्या टँकरवर होता. दोनदा साबण लावूनही त्याला रॉकेलचा वास येई.

"अजून किती उरलंय?" बाई जेवताना विचारत.

"वरचं संपत आलंय. गाळातलं मात्र आपल्या नातवंडांना पुरेल."

घरी बसून बाईंचा जीव अगदी मेटाकुटीला आला. त्यातच गावातली लहान मुलं पाण्याला घाबरतात, बादलीत हात घालायलाही रडतात, हे त्यांच्या कानावर आलं. त्या तडक शाळेत गेल्या आणि हॉल मागितला.

मुख्याध्यापिकांना आधी कळेना. "पाण्याशिवाय पोहणार कसं?"

"पाणी येईल तेव्हा येईल. हातपाय तोवर तयार असू देत."

झालं, वर्ग सुरू. मुलं स्टुलावर पोट टेकून हवेत हातपाय मारू लागली. कोणी घसरून शेजारच्यावर पडे, त्याच्यावर तिसरं पडे. पाठ धरलीय, जरा ताणली जाईल, म्हणून बाईंच्या सासूबाई बघायला आल्या, बाकावर पालथ्या झाल्या आणि उठेचनात. श्वास सोडताना त्या "फूं" करत. दोन दिवसांत अख्खा हॉल फूं फूं करायला लागला. शेजारच्या खोलीत मुख्याध्यापिकांना काही सुचेना, शेवटी त्याही एक स्टूल ओढून आल्या.

मग एके दिवशी तळं तपासणाऱ्यांनी जुन्या धक्क्याजवळचा एक पट्टा पोहण्यासाठी मोकळा केला. दोरीपलीकडे न फुटलेले बॉम्ब होते, तिकडे जायचं नाही. दोरीच्या आत पोहा.

सारं गाव काठावर लोटलं, पण पाय कोणी ओला करेना. बाई दोरीपर्यंतचं अंतर नजरेने पुन्हा पुन्हा मोजत होत्या. एवढं शिकवलं, आणि बुडालं एखादं तर?

सासूबाईंनी पदर खोचला आणि त्या कमरेइतक्या पाण्यात चालत गेल्या. "गार आहे गं," त्या म्हणाल्या. "पण पाणीच आहे."

त्यासरशी मुलांनी धडाधड उड्या टाकल्या. आणि तरंगली की पोरं. वेडीवाकडी, पण तरंगली. हॉलमध्ये एकीचं स्टूल कायम भिंतीला लागून असायचं, तिला एकच हात मारायची सवय. ती चावी दिलेल्या खेळण्यासारखी जागच्या जागी गरगर फिरत राहिली आणि पोहतेय म्हणून भलती खूश झाली. मुख्याध्यापिकाही उतरल्या होत्या, हसता हसता त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. बाई धक्क्यावरून डोकी मोजत होत्या, हसू फुटून चुकत होत्या, पुन्हा पहिल्यापासून मोजत होत्या.

"यात मासे का नाहीत?" एका मुलाने विचारलं.

बाईंचा नवरा टेकडीकडे बघत म्हणाला, "आधी वर झाडं लागायला हवीत. मग माती थांबेल, मग मासे. तू मोठा होशील तोवर."

"मग मी लवकर मोठा होतो," असं म्हणून पोरगं बुडी मारून गेलं.

सगळे बाहेर आले तेव्हा बाई उतरल्या. उताण्या पडल्या, कान पाण्याखाली गेले, गावाचा कल्लोळ दूर गेला. पोटातून हसू वर येत होतं, त्यासरशी अंग डुचमळत होतं, आणि ते थांबवावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. ओठ निळे पडले की बाहेर यायचं, हा त्यांचाच नियम. आता त्यांचेच ओठ निळे पडले होते, सगळी मुलं काठावर उभी राहून त्यांना हाका मारत होती, आणि बाई ऐकूच येत नसल्यासारख्या पडून होत्या.